शेजारचा पीस

ताई आजारी पडली आणि पर्वत पाटिया भागातल्या तिच्या घरात कॅन्सरवरचं संशोधन जोरात सुरू झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक कारण घेऊनच येई. शेजारच्या काकूंच्या मते सगळा दोष मोबाइलच्या टॉवरचा. भेस्तानहून आलेल्या मावसदिरांनी तो साड्यांच्या रंगावर ढकलला, आणि निघताना मुलीच्या लग्नासाठी भाऊजींकडून घाऊक भावात साड्या बांधून घेतल्या. एक वहिनी तर थेट स्वयंपाकघरात शिरून प्लॅस्टिकचे डबे तपासून आल्या. ताई उशीला टेकून सगळ्यांना चहा मिळाला की नाही ते बघत बसायची.

"एवढी कारणं असताना मी इतकी वर्षं जगले कशी," ती मला म्हणाली, "ह्याचा शोध लावा म्हणावं कुणीतरी."

मी तिचा धाकटा भाऊ, शाळेत मराठी शिकवतो. घरात वाचायचं काही निघालं की मला बोलावतात. हॉस्पिटलने नव्या औषधाच्या चाचणीचं सुचवलं तेव्हा माहितीपत्रक मीच मोठ्याने वाचून दाखवलं. काही रुग्णांना नवं औषध मिळणार, काहींना नेहमीचं. कुणाला कुठलं ते डॉक्टरही ठरवत नाहीत, कॉम्प्युटर ठरवतो. ताईने सही केली. नवं औषध आपल्याला मिळावं असं तिला फार वाटत होतं. ते ती बोलली नाही, पण सही करताना तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं.

भाऊजींचं कापड मार्केटात साड्यांचं दुकान. दुकानाच्या गाळ्यापासून गावच्या बसमधल्या खिडकीपर्यंत सगळं त्यांनी ओळखीवर मिळवलेलं.

"कॉम्प्युटर ठरवतो म्हणजे काय? तो चालवतो कोण?"

चालवणारी त्यांनी शोधून काढली. चाचणीचं काम बघणारी एक तरुण मुलगी होती. पुढच्या खेपेला भाऊजींनी तिच्या टेबलावर पिशवी ठेवली. "बेन, जरा जोई लेजो." म्हणजे जरा आमचं बघा. आत मोरपंखी साडी होती. मुलीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती भाऊजींना न देता ताईच्या मांडीवर ठेवली.

"काकी, मैं नहीं ले सकती. और कॉम्प्युटर को साडी पहननी नहीं आती."

ताई लाजेने लाल झाली, मग तिला हसू फुटलं. भाऊजी मात्र गंभीर होते.

ताईच्या वाट्याला नेहमीचंच औषध आलं.

"साडी हलकी पडली," रिक्षात भाऊजी म्हणाले. "भारीतली न्यायला हवी होती."

ताई बाहेर बघत राहिली. घरी तिच्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मंग आमनी सून परीक्षामा नापास व्हयनी का?"

"नाव काढून घेऊ," भाऊजी म्हणाले. "जुनंच औषध घ्यायचं तर ते कुठेही मिळतं. त्यांच्या चाचणीत कशाला बसायचं?"

ताईने पाणी मागितलं, सावकाश प्यायली.

"अहो, गिऱ्हाइकाला नवा माल दाखवताना तुम्ही शेजारी जुना पीस का उघडून ठेवता?"

"त्याशिवाय फरक कसा दिसणार?"

"मग मी शेजारचा पीस. माझं नाव काढू नका."

भाऊजी चपला घालून दुकानात निघून गेले.

पुढे प्रत्येक तपासणीला ताई ती मोरपंखी साडीच नेसून गेली. लाच वाया जाऊ देऊ नये, असं म्हणायची.

दिवाळीनंतर ती गेली. तेच लोक पुन्हा आले, ह्या वेळी निष्कर्ष घेऊन. काकूंच्या मते नवं औषध मिळालं असतं तर ती वाचली असती. मावसदिरांच्या मते चाचणीच्या भानगडीत पडल्यामुळेच गेली. दोघं एकाच सतरंजीवर बसून एकमेकांना मान डोलावत होते. एरवी कुणाला उत्तराशिवाय न सोडणारे भाऊजी भिंतीला टेकून सगळ्यांना चहा मिळाला की नाही ते बघत होते.

गेल्या महिन्यात मी दुकानात बसलो असताना त्या मुलीचा फोन आला. चाचणीतल्या सगळ्यांची खुशाली तिला अधूनमधून विचारावी लागते. भाऊजींनी फोन स्पीकरवर टाकला आणि ताई गेल्याचं सांगितलं.

"रिझल्ट क्या आया?" भाऊजींनी विचारलं.

"अभी नहीं, काका. बहुत लोग बाकी हैं. सालों लगेंगे."

"अब वो नहीं है, तो उसका नाम निकाल तो नहीं दोगे?"

"नहीं काका. वो गिनती में रहेंगी."

फोन ठेवला तोच एक गुजराती व्यापारी आला. भाऊजींनी गादीवर नवा पीस पसरला आणि सवयीने शेजारी जुना उघडला.

"शेठ, आ जूनुं हटावो ने," व्यापारी म्हणाला.

"राहू द्या ते तिथेच," भाऊजी म्हणाले. गिऱ्हाइकाशी ते कधी मराठीत बोलत नाहीत. व्यापाऱ्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जुन्या पिसाची घडी हाताने सारखी केली आणि तो होता तिथेच राहू दिला.