ओढ्यापलीकडची बैलजोडी

छापलेल्या बातम्या बातमीदार विसरतो. न छापलेल्या मात्र डोक्यात ठाण मांडून बसतात. आमच्या बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिणेला वऱ्हाड संपून निजामाची मोगलाई सुरू व्हायची. मध्ये फक्त एक ओढा, आणि दोन्ही काठांवर एकेक पोलीस चौकी. तिथलं जे जे पाहिलं, ते "छापलं तर दोन्हीकडच्या जमादारांची नोकरी जाईल" म्हणून मी ठेवून दिलं. आता दोघंही पेन्शनीत आहेत. ऐका!

*

पार्वताबाईंची बैलजोडी चोरीला गेली, तेव्हा पेरणी आठ दिवसांवर होती. माग ओढ्याकडे गेलेला. बाई थेट बुलडाण्याला पोलिसांच्या मोठ्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. मीही तिथंच होतो.

साहेब म्हणाले, "बैल आत्ता कोणत्या सरकारच्या हद्दीत आहेत, ते आधी सिद्ध करा."

"ते समजलं असतं तं मी बैल घेऊन घरी गेली असती, साहेब. इथं काऊन आली असती?"

*

माझं डोकं फिरलं. साप्ताहिकात ठोकून दिलं: नागपूरच्या सरकारचा कागद निजामाच्या हैदराबादला जाऊन परत येईपर्यंत चोरीला गेलेली कालवड गाय होऊन आटते!

साहेबांनी बोलावून दम भरला. "तुम्ही दोन सरकारांच्या मैत्रीत बिब्बा घालता!"

मी म्हटलं, "मैत्री तुमची, मग तिचा फायदा चोरांनाच का?"

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मी निघालो.

*

खरी मैत्री ओढ्यात होती. आमच्या चौकीचे गणपतराव जमादार आणि पलीकडचे करीम जमादार. गणवेशात हद्द ओलांडायला बंदी. परवानगी मागायची, तर पुन्हा नागपूर-हैदराबाद! म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळी दोघंही आपापल्या काठावर पगडी-पट्टा उतरवून डोहात आंघोळीला उतरायचे. एकमेकांची पाठ घासता घासता कोण नवा माणूस कुणाची जनावरं घेऊन हिंडतोय, हे सगळं सांगून व्हायचं.

एकदा तपासणीला आलेला वरिष्ठ काठावरून ओरडला, "जमादार! परक्या पोलिसाशी काय बोलताय?"

गणपतराव कमरेइतक्या पाण्यात. "पोलीस कुठं हाय, साहेब? इथं तं दोन उघडे माणसं हायेत!"

*

आमच्याकडे एक जुनी रीत होती. चोरीचा माग ज्या गावाच्या शिवेत शिरला, त्या गावानं तो पुढं काढून द्यायचा. नाहीतर जाब त्यानंच द्यायचा. सरकारं ती विसरली. जागले, म्हणजे गावांचे राखणदार, विसरले नव्हते.

पार्वताबाईंच्या बैलांचा शेवटचा खूर ओढ्याच्या ओल्या मातीत उमटलेला. तो पुसू नये म्हणून आमच्या जागल्यानं त्यावर टोपलं पालथं घातलं. पलीकडचा जागल्या आला, टोपलं उचलून खूर पाहिला, मान हलवली. माग सोपवला गेला!

पण कायदा शिकून आलेला आमचा नवा फौजदार गरजला, "लेखी पोच पाहिजे!"

पलीकडचा जागल्या खाली वाकला. खुराशेजारी मातीतच त्यानं अंगठा उठवला.

"घ्या. जा घेऊन!"

*

तिसऱ्या दिवशी मोगलाईच्या बाजारात करीम जमादारांनी चोर धरले. बैलांसकट! दोन सरकारांना वर्षभरात जमलं नसतं, ते दोन जागल्यांनी आणि दोन जमादारांनी तीन दिवसांत केलं.

पण मुद्देमाल परत द्यायला? कागद! आणि पेरणी पाच दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी करीम जमादार बैलांना पाणी पाजायला ओढ्यावर आले. अलीकडे गणपतराव, पार्वताबाई आणि मी. करीम जमादारांनी बैलांच्या दोऱ्या काढल्या, आमच्याकडे पाठ करून दगडावर बसले आणि बिडी पेटवली.

"करीमभाई, जनावरं मोकळी हायेत हो!" गणपतराव ओरडले.

"मेरे पीठ को आँखां नईं हैं, गनपतराव!"

पार्वताबाईंनी हाक मारली. "लाल्या! चांद्या! चला बे घरी!"

चार कान उभे राहिले. पाणी उडवत दोघंही ओढा ओलांडून आले आणि बाईंच्या पदराला तोंड घासू लागले. मी भर काठावर शिट्टी मारली!

त्या दिवशी करीम जमादारांनी आपल्या रोजनाम्यात उर्दूत लिहिलं, "जनावरं पळाली. हद्दीपर्यंत पाठलाग केला."

गणपतरावांनी आपल्यात लिहिलं, "दोन मोकाट बैल हद्दीत आले. मालकीण योगायोगानं काठावरच हजर होती."