शिडातल्या बांबूच्या पट्ट्या

आज दुकानात बांबूला जवसाचं तेल चोळलं आणि त्या वासासरशी मी मनानं थेट तळ्याकाठी पोचलो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं दडी मारली होती. कोकणातून बदलून आलेल्या साहेबांनी आपली छोटी शिडाची होडी सोबत आणली होती. आमच्या उन्हात तिच्या शिडाला ताठ ठेवणाऱ्या लाकडी पट्ट्या तडकल्या. मी किनवटचा बांबू चिरून नव्या केल्या. एक टोक पातळ ठेवलं, पट्ट्या ज्यात सरकवतात त्या शिडाच्या खिशाचं कापड फाटू नये म्हणून कडा काचेनं घासल्या आणि वर जवसाचं तेल चोळलं. मोबदल्यात मला फक्त पहिली फेरी हवी होती. मोंढ्यावर धान्याचा भाव ठरवायच्या रिवाजाप्रमाणं तोंडानं न बोलता मी रुमालाखाली साहेबांचं एक बोट दाबलं, म्हणजे पहिली फेरी माझी. ते हसले. सौदा पक्का!

होडी पाण्यात उतरली त्या दिवशी आधी चढले दालमिलवाले शिवलिंगअप्पा.

"साहेब, सौदा झालता आपला!" मी ओरडलो.

"कसला? मला वाटलं, तुमच्याकडचा नमस्कार."

"लई शहाणा हाय म्हणं!" अप्पा होडीतून खिदळले.

शीड वाऱ्यानं भरलं, पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या आणि आटलेल्या तळ्यात होडी गाळात रुतली. भारदस्त अप्पांना पांढरं धोतर सावरत चिखलात उतरावं लागलं. तशी होडी सुटली आणि साहेबांनी मला बोलावलं. मी तळं पार करून आलो.

तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता, आता हसू येतं. अप्पा अजून म्हणतात, पहिली फेरी त्यांची. मी म्हणतो, पलीकडं पोचली नाही ती फेरी धरायचीच नाही.