तिसऱ्या टँकरची बाटली

सकाळी सात वाजता टाकीला वास नव्हता.

मैलापाण्याच्या टाकीला वास नसेल तर बरंच झालं, असं बाहेरचा माणूस म्हणेल. थेंबताई तसं म्हणाली नाही. ती लोखंडी पुलावर मधोमध थांबली आणि कठडा धरून खाली वाकली. निरोगी टाकीला मातीचा वास येतो, कुंडीत पाणी घातल्यावर येतो तसला. आज तो नव्हता. पाणी नेहमीसारखं खदखदत होतं, पण वर पांढरा फेस जमला होता आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येत होती.

पंपवाला खोलीतून बाहेर आला. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि तिला चिडवणं हा आपल्या नोकरीचाच भाग आहे असं मानणारा.

"ताई, आज हवा सात आहे. कधी नव्हे ती सात. आता माझ्या ब्लोअरला नावं ठेवायची नाहीत."

पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा तो आकडा. एरवी ब्लोअरने कितीही फुंकलं तरी दोनाच्या वर जायचा नाही.

"दादा, हवा वाढलेली नाही," ती म्हणाली. "ती घेणारं कुणी उरलेलं नाही."

तो हसायला गेला. तिचा चेहरा बघून थांबला.

तिने बादली सोडली, पाणी काढलं, खोलीत जाऊन काचेवर एक थेंब ठेवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. काही हललं नाही. काच सरकवली. दुसरा थेंब घेतला. तिसरा. गाळाच्या गोळ्यांच्या कडेला देठ उभे होते. त्यांच्या टोकांना काही नव्हतं.

तिने मायक्रोस्कोपवरून डोळा बाजूला घेतला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती कुणावर काढायची हे अजून ठरलेलं नव्हतं.

*

बत्तीस वर्षांपूर्वी ती इथे, या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात, बाटल्या धुवायला लागली. बारावीपर्यंत शिकलेली, वडील नुकतेच गेलेले, घरात आई आणि दहा वर्षांचा धाकटा भाऊ. तेव्हाच्या म्हाताऱ्या केमिस्टला तिच्या प्रश्नांचा कंटाळा आला. एका दुपारी त्याने तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हणाला, बघ आणि गप्प बस. ती बघत बसली. गप्प मात्र बसली नाही.

नावं तिला कुणी सांगितली नाहीत. तिने स्वतःच ठेवली. सर्वांत बारीक ते शेपटीवाले. मग पोहणारे, मग गाळावर चालणारे, त्यांना ती खेकडे म्हणायची. देठावर डोलणाऱ्या त्या घंट्या. काचेला टिचकी मारली की घंट्यांचे देठ स्प्रिंगसारखे गुंडाळले जायचे, आणि क्षणभराने पुन्हा सरळ. सगळ्यांत शेवटी यायचे ते चाकवाले, तोंडावर चाक फिरवत जेवणारे. अकरा वह्यांमध्ये तिने त्यांची चित्रं काढली होती. रोज एक थेंब बघते म्हणून ती थेंबताई झाली. खरं नाव आता पगाराच्या कागदावर तेवढं होतं.

शहर जे टाकून देतं ते बॅक्टेरिया खातात. बॅक्टेरियांना घंट्या खातात. म्हणून तर वरचं पाणी नितळ होऊन बाहेर पडतं. घंट्या फार झाल्या की चाकवाले येतात आणि गर्दी आवरतात. हवा कमी पडली की दोऱ्यासारखे लांबडे माजतात आणि गाळ तळाला बसेनासा होतो. कुणी कुणाचा उपकारकर्ता नाही. प्रत्येक जण आपापल्या पोटाचं बघतो, आणि त्यातून खालच्या ओढ्याला स्वच्छ पाणी मिळतं. माणसांबद्दल तिला असं काही सांगता आलं नसतं.

आणि ते शिकतात. एका वर्षी शहरात नवा कपड्यांचा साबण आला. टाकीवर कमरेएवढा फेस चढला, निम्मी वस्ती मेली. महिन्याभराने फेस उतरला. उरलेल्यांपैकी कुणीतरी साबण खायला शिकलं होतं. थोडं थोडं दिलं, वेळ दिला, तर ते पुष्कळ काही पचवतात. पण धातू कुणी खात नाही. तांबं, निकेल, धातूला चकाकी देणाऱ्या कारखान्यांचं हिरवं पाणी. ते एकदाच येतं आणि झाडून सगळ्यांना घेऊन जातं.

म्हणून तर सहा वर्षांपूर्वी तिने नियम करून घेतला होता. भुयारी गटार नसलेल्या वसाहतींचा मैला टँकरमधून येतो. प्रत्येक टँकरची एक बाटली भरायची. त्यातलं पाणी जिवंत गाळात मिसळून काचेवर ठेवायचं. दहा मिनिटं घंट्या डोलत राहिल्या तरच फाटक उघडायचं. ड्रायव्हर वैतागायचे. "थेंबताई थेंब बघणार, आणि आम्ही उन्हात घाम मोजणार," असं म्हणायचे. ती म्हणायची, मोजा, तेवढीच आकडेमोड सुधारेल. दोन टँकर तिने परत पाठवले होते. एक ड्रायव्हर तिच्या अंगावर धावून आला होता. तरी तिने फाटक उघडलं नव्हतं.

*

आता तिने नोंदवही उघडली. काल तीन टँकर. फळीवर बाटल्या दोन.

तिसऱ्या टँकरपुढे तिची सही होती. ड्रायव्हरच्या रकान्यात तिच्याच अक्षरात तिच्या भावाचं नाव.

काल दीड वाजता तो आला होता. खाली उतरलासुद्धा नव्हता. खिडकीतून म्हणाला, "ताई, सोड ना लवकर. आईला चारला डॉक्टरकडे न्यायचंय. तिचे गुडघे बघ काय झालेत."

"बाटली तरी भरू दे."

"आता माझी पण बाटली भरणार का? बरं, भर. आईला सांगतो, तुझ्या मुलीने मला चोर ठरवला."

तिने सही केली होती. फाटकही स्वतःच उघडलं होतं. वर म्हणाली होती, सावकाश ने तिला, पायऱ्यांवर धर.

तिने वही मिटली. भावाला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "केंद्रावर ये. आत्ता."

तो तासाभराने आला. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. आल्या आल्या नाक मुरडलं. त्याच्या घरी तिच्यासाठी टॉवेल वेगळा होता, बाथरूमच्या दाराआड खिळ्याला टांगलेला. भावजयीने तो कधी दाखवला नाही, कधी लपवलाही नाही. सहा वर्षं ती त्याच टॉवेलला हात पुसत होती. त्याचा टँकर इथे लागावा म्हणून शब्दही तिनेच टाकला होता.

"बस," ती म्हणाली. "यातून बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बघ."

त्याने एक डोळा मिटून बघितलं. "काहीच दिसत नाही. नुसता कचरा."

"काही हलतंय?"

"नाही."

"तेच दाखवायला बोलावलं. काल दुपारपर्यंत तिथे नजर ठरत नव्हती. काल काय आणलंस?"

"वसाहतीचंच होतं."

"कुठल्या वसाहतीत तांबं हगतात?"

दारात उभ्या असलेल्या पंपवाल्याने मान खाली घातली. भाऊ किल्ल्या फिरवत राहिला. मग म्हणाला, "थोडंसं होतं, ताई. निम्मं वसाहतीचं, निम्मं त्या नळांना चकाकी देणाऱ्या कारखान्याचं. हिरवट पाणी. त्याचं स्वतःचं यंत्र बंद पडलंय म्हणे. एवढ्या मोठ्या टाकीत तेवढ्याने काय होतंय? पाण्यात पाणी."

"पुन्हा आणणार होतास?"

"दर आठवड्याला म्हणतोय तो."

तिने मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

"आईला चारला नेलंस?"

त्याने किल्ल्या खिशात टाकल्या.

"नेलंस का?"

"पुढच्या आठवड्यात नेणार आहे."

ती उठली. त्याला मारावं असं तिला वाटलं, लहानपणी मारायची तसं, पाठीत. तो बेचाळीस वर्षांचा होता. तिने त्याला कडेवर घेऊन फिरवलं होतं, त्याचं नाक पुसलं होतं, तापात रात्र रात्र जागून कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. आणि तिला कुठे हात घातला की फाटक उघडतं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

"मी लिहिणार आहे," ती म्हणाली.

"काय लिहिणार? सही तुझी आहे. मी बुडालो तर तू काय काठावर राहशील?"

"नाही राहणार."

"वेडी आहेस का तू?"

"जा आता. मला तोंड दाखवू नकोस."

*

केंद्राचे साहेब अकराला आले. वरून टाकी बघितली, नाकाला रुमाल लावला आणि खोलीत येऊन बसले. वयाने तिच्याहून वीस वर्षांनी लहान. वाईट माणूस नव्हता. पण अडचणीचा कागद कसा घडी घालून ठेवायचा, हे तो फार लवकर शिकला होता.

"काल वीज गेली होती ना थोडा वेळ?" त्यांनी विचारलं.

"नाही," पंपवाला म्हणाला.

"गेली असेल."

"साहेब, गेली असती तर सगळ्यात आधी मी शिव्या खाल्ल्या असत्या."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "ताई, वीज गेली, हवा कमी पडली, वस्ती मेली. असं लिहू. कोठीत ती बॅक्टेरियाची पावडर आहे, ती टाका. आठ दिवसांत होईल ठीक."

"साप सोडून भुई धोपटायची. पावडरीतले याच पाण्यात मरतील. तळाला धातू बसलाय. मेलेला गाळ काढायला हवा, आणि तो कारखाना बंद व्हायला हवा. नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा हेच."

"कारखान्याचं पाणी होतं याला पुरावा काय? बाटली आहे?"

"नाही."

"बाटली नाही म्हणजे पुरावा नाही. पुरावा नाही म्हणजे विषय नाही." त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्हाला निवृत्तीला किती राहिली? चार वर्षं? मी तुमच्यासाठीच सांगतोय. ही टाकी काय तुमचं माहेर आहे का?"

"माहेर असतं तर एवढी जपली नसती."

"ताई..."

"आणि बाटली नाही हाच पुरावा आहे, साहेब. सहा वर्षांत फक्त या एका टँकरची बाटली नाही. का नाही, ते मीच सांगू शकते. दुसरं कुणी सांगू शकत नाही."

खिडकीतून ओढा दिसत होता. केंद्राच्या पाइपातून दुधट पाणी त्यात पडत होतं. पलीकडच्या काठावर एक बाई भाजीच्या जुड्या बुडवून बुडवून ठेवत होती. थेंबताईने साहेबांना ती दाखवली. साहेबांनी बघितलं, आणि घड्याळात बघितलं.

"आधी ते पाणी थांबवा," ती पंपवाल्याला म्हणाली. "राखीव तळ्यात वळवा. पाच-सहा दिवस तरी जागा आहे. आणि त्या बाईला हाक मारा, भाजी घेऊन वर ये म्हणावं."

"मी सांगितलं नाही तसं," साहेब म्हणाले.

पंपवाला आधीच निघाला होता.

तिने बसून लिहिलं. अक्षर मोठं आणि सरळ, बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाचं. *तिसरा टँकर मी न तपासता आत घेतला. ड्रायव्हर माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून तपासला नाही. त्यात चकाकीच्या कारखान्याचं पाणी होतं असं त्याने माझ्यासमोर आणि पंपचालकासमोर कबूल केलं.* खाली कारखान्याचा पत्ता. खाली सही. एक प्रत साहेबांपुढे ठेवली. दुसरी तिने स्वतः नेऊन प्रदूषण तपासणाऱ्या कार्यालयात दिली आणि पोहोच घेतली. तिथल्या कारकुनाने कागद दोनदा वाचला. "बाई, हे तुमच्याच विरुद्ध आहे," तो म्हणाला. तिने शिक्का कुठे मारायचा ते बोटाने दाखवलं.

*

चौथ्या दिवशी कारखान्यावर तपासणी झाली. भावाच्या टँकरचा परवाना गेला. तिच्या हातात निलंबनाचा कागद आला: पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचपासून, चौकशी होईपर्यंत. पंपवाल्याने तो वाचला आणि म्हणाला, "पाचपर्यंत तुम्ही आहात, तर बघूया."

तोवर मेलेला गाळ उपसून वेगळ्या खड्ड्यात टाकला होता. टाकीचा एक कप्पा धुऊन त्यात ताजं मैलापाणी घेतलं होतं. पलीकडच्या शहराच्या केंद्राला तिने जिवंत गाळ मागितला होता. सगळी केंद्रं कधी ना कधी एकमेकांकडे मागतात, त्यात लाज नसते. बारा पिंपं यायची होती, उघडीच. झाकणं लावली तर दोन तासांत आतले गुदमरतात.

ट्रकची वाट बघत असताना आईचा फोन आला.

"तो कालपासून जेवला नाही," आई म्हणाली. "पोरं घाबरलीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांपायी तू सख्ख्या भावाला बुडवलंस?"

"आई, तुझ्या गुडघ्यांचं नाव सांगून त्याने विष आत आणलं."

पलीकडे घरातला पंखा कुरकुरत होता, तेवढा ऐकू येत होता.

"गुडघ्यांचं मला माहीत नव्हतं," आई म्हणाली. मग म्हणाली, "तरी भाऊ आहे तो."

"म्हणून तर मी बघितलं नाही."

आईने फोन ठेवला. थेंबताई फोनकडे बघत राहिली. रडू आलं नाही. त्याच्या जागी राग होता, सगळाच्या सगळा, पहिल्या सकाळी होता तेवढाच. भावावर. कारखान्यावर. साहेबांच्या रुमालावर. आणि या सगळ्यांच्या वर, फाटक उघडणाऱ्या त्या बाईवर, जी म्हणाली होती, पायऱ्यांवर धर.

ट्रक सव्वाचारला आला. पिंपं तपकिरी, वरपर्यंत भरलेली. तिने पहिल्यात बाटली बुडवली, आत पळत गेली, काच लावली. दहा मिनिटं पंपवाला दारात उभा राहिला. ड्रायव्हर बाहेरून ओरडला की मला परत जायचंय. तिने काच थोडी सरकवली.

"घ्या आत," शेवटी ती म्हणाली.

बारा पिंपांनी टाकी भरत नाही. एक कप्पा भरेल, तोही कदाचित. आधी शेपटीवाले वाढतील, मग पोहणारे. घंट्यांना महिना लागेल, चाकवाल्यांना त्याहून जास्त. तेव्हा ती इथे असेल की नाही, हे चौकशी ठरवेल. तिची नोकरी वाचेल असं कुणालाच वाटत नव्हतं, तिलाही नाही.

दोघांनी मिळून पहिलं पिंप कठड्याशी आणलं. पंपवाला म्हणाला, ताई, तुम्ही बाजूला व्हा, कंबर धरेल. ती बाजूला झाली नाही. तिने बाह्या वर सारल्या, काठ धरला आणि पिंप कलतं केलं. गाळ जड होता, सावकाश उतरत होता. ती ओतत राहिली आणि मोठमोठ्याने शिव्या देत राहिली, एकेकाला, नाव घेऊन. स्वतःचं नाव तिने दोनदा घेतलं.