बुजवलेली झडप

भांड्याचं वरचं अर्धं उडून कौलाला आदळलं आणि उकळती कॉफी माझ्या यजमानांच्या तोंडावर आली. ते डोळे दाबून खाली बसले. आमची लहानगी सुमन पाव घेऊन दारात उभी होती. मी त्यांच्या डोक्यावर कळशी ओतली.

"तुमका कोणी सांगलेलां ती झडप बुजवूक?"

"काल तुझो हात भाजलेलो मां," ते म्हणाले.

मला तो बहाणा वाटला. मांद्र्याच्या आमच्या खोलीत उतरलेली इटालियन बाई ते भांडं मागे ठेवून गेली होती. खाली पाणी, मधे पूड, वर कॉफी. बाजूच्या झडपेतून वाफ सुटायची. यजमान डिचोलीला खाणीचे ट्रक दुरुस्त करायचे. त्यांनी डाख देऊन झडप बुजवली. वाफ फुकट जाऊ नये म्हणून, असंच मी धरून चालले. त्यात बाजारची पूड फार बारीक, ती घट्ट बसली आणि वाफ आत कोंडली.

आज नात तसलंच स्वस्त भांडं घेऊन आली. "आजी, म्हागडां मशीन कित्याक? ह्यातय दाट कॉफी होता."

पुडीचा वास आला तशी मी झडप नखानं हलवून बघितली. माझ्या मनगटावरचा जुना डाग झडपेच्या अगदी समोर आला. यजमान खरं बोलले होते; माझा हात त्या वाफेनंच भाजला होता.

"झडप भिंतीकडे वळवन ठेव," मी नातीला म्हटलं. तेव्हाही एवढंच करायचं होतं.

त्या दिवशी यजमानांचा उजवा डोळा गेला. स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. तिघंही जगलो.