बोराटीशिवायचं घुबड

त्या फोटोत एकही काटा नाही. काळ्या कातळातली कपार, तिच्यात बसलेली शृंगी घुबडाची मादी, तिच्या पोटाखालून डोकावणारी दोन पांढरी पिल्लं आणि सगळ्यांवर सकाळचं स्वच्छ ऊन. चिंचवडला एका सभागृहाबाहेर पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं हा फोटो सगळ्यांत मोठा करून लावला होता. खाली पाटी : ‘प्रथम पारितोषिक. विभाग – नैसर्गिक अधिवास.’ लोक त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी घेत होते. मला मात्र अंधारात खरकट्यात हात पडावा तशी किळस आली. कारण ती कपार मी शोधली होती, आणि तिच्यावर बोराटीचं दाट काटेरी झुडूप होतं.

मी चिखलीत जुन्या मशीनची खरेदी-विक्री करतो. लेथवर हेल्पर म्हणून या गावात आलो, आज स्वतःचं शेड आहे. भाव पाडणं हा माझा धंदा आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. कॅमेऱ्याची लेन्ससुद्धा मी वापरलेलीच घेतली. विकणारा जिना उतरेपर्यंत पुटपुटत होता. पक्ष्यांचा नाद लागला तोही धंद्यातच. महाळुंग्याला एका बंद कारखान्यात प्रेस बघायला गेलो होतो, पार्टी काही वेळेवर आली नाही. समोर तारेवर एक हिरवा पक्षी बसला होता. हवेत सूर मारायचा, माशी पकडायचा आणि परत त्याच जागेवर येऊन बसायचा. वेडा राघू म्हणतात हे नंतर पुस्तकात सापडलं. त्या दिवशी एवढंच वाटलं की या गड्याची गिऱ्हाइकावर नजर चांगली आहे. प्रेसचा सौदा फिसकटला, पण नाद राहिला.

घुबडाची खाण त्याच बाजूला आहे. दगड काढून सोडून दिलेली, तिन्ही अंगांनी कंपन्या. कातळावर चुना ओघळल्यासारखी विष्ठा दिसली आणि खाली घुबडानं ओकलेल्या उंदरांच्या हाडांच्या गोळ्या सापडल्या, म्हणून मी पलीकडच्या काठावर बसायला लागलो. मादी दिसली, पण पूर्ण कधीच नाही. बोराटीची एक फांदी बरोबर तिच्या डोळ्यावरून जायची. मी ते फोटो आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकले, तर एकानं लिहिलं, “शेठ, झाड छान आलंय. घुबड कधी दाखवताय?”

आमच्या या छंदात एक रीत आहे. पक्ष्याची जागा कुणी फुकट सांगत नाही. जागेच्या बदल्यात जागा. मला ही रीत आवडायची, कारण यात मी कुणाला हार जाणार नाही अशी माझी खात्री होती.

ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांना सगळे सर म्हणतात. मोठ्या कंपनीच्या परचेस खात्यातून रिटायर झालेले गृहस्थ. असल्या परचेसवाल्यांच्या केबिनबाहेर मी उमेदीची वर्षं ताटकळत काढली आहेत. त्यांचा फोन आला.

“शेठ, घुबडाचं लोकेशन द्या की राव.”

“काय देता?”

“धाविक. आळंदीच्या पलीकडे माळ आहे. जोडी पळताना दाखवतो तुम्हाला.”

धाविक, म्हणजे माळावर पळणारा पक्षी, माझ्या फोटोंत अजून नव्हता. मी अटी घातल्या. एकटं यायचं, पलीकडच्या काठावरूनच फोटो काढायचा, झुडपाला हात लावायचा नाही.

“शब्द देतो.”

“परचेसवाल्याचा शब्द मला माहितीये, सर. लेखी ऑर्डर द्या, पीओ काढा.”

ते खळखळून हसले. मीही हसलो आणि जागा सांगितली.

पुढच्या रविवारी मी आळंदीच्या पलीकडं गेलो. माळ होता तिथं गोदामाचा पाया खोदला होता आणि जेसीबीवाला सावलीत डबा खात होता. मी तिथूनच फोन लावला. सर म्हणाले, “मागच्या हिवाळ्यात होते हो. पक्षी आहेत, उडणारच.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी तशीच वळवून खाणीकडं घेतली. निदान माझा माल जागेवर आहे का ते बघावं म्हणून.

खाणीच्या काठावर टायरच्या खुणांवर खुणा, बिस्किटांचे कागद, पाण्याच्या बाटल्या. बोराटीच्या फांद्यांचा ढीग बाजूला पडलेला. शेजारीच शेळ्या चारणारी मावशी, ती खाण तिच्याच घरची. मी तिच्यावरच ओरडलो, “मावशी, झुडूप का तोडलं?”

“आमी कशाला तोडू? शेळ्यांसाठी तोडलं असतं तर पाला ऱ्हायला असता का? तुझीच भावकी आलती की, गळ्यात नळकांडी अडकवून! सकाळपास्नं नुसती जत्रा.”

फांदी उचलून बघितली. काप गुळगुळीत होता, बंगल्यातल्या गुलाबाची छाटणी करायच्या कात्रीचा. कपार उघडी बोडकी पडली होती आणि आत रणरणतं ऊन. मादी समोरच्या कड्यावर ताटकळत बसली होती. दोन कावळे कपारीच्या तोंडाशी होते. पिल्लू एकच उरलं होतं, मागच्या भिंतीला चिकटलेलं.

मी दगड मारून कावळे हाकलले. गाडीत बाइंडिंग वायर कायम असते. मावशीनं वरून फांद्या दिल्या, मी काठावर पालथा पडून त्या झुडपाच्या खुंटांना तारेनं आवळल्या. हात काट्यांनी फाटले. सजवलेली नव्हे, नुसती बांधून बसवलेली सावली होती ती. आम्ही लांब बाभळीखाली जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं मादी परत आली. मावशी म्हणाली, “व्हय, बसली बघ. आता त्वांड मिटून ऱ्हा.”

संध्याकाळी मी सरांना फोन केला. माझी भाषा इथं लिहिण्यासारखी नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अहो, दोन-चार फांद्या. ट्रिमिंग म्हणतात त्याला, सगळे करतात. त्याशिवाय क्लीन फ्रेम कशी मिळणार? आणि कावळा हाही निसर्गच आहे ना, शेठ?”

उरलेलं पिल्लू जगलं. उन्हाळा तापला तेव्हा ते खाणीच्या तळाशी दगडांवरून उड्या मारायला लागलं होतं. त्याआधी कपारीत असताना मी त्याचा एक फोटो काढला होता. वाळक्या बोराटीतून बघणारे दोन पिवळे-नारिंगी डोळे आणि वर तारेचा वेढा. प्रदर्शनाला मी तोच पाठवला. मानवनिर्मित वस्तू दिसते म्हणून तो बाद झाल्याचं कळवलं गेलं.

प्रदर्शनात सर शाल पांघरून उभे होते. मला बघून हात पसरले. “या, या शेठ! लोकेशन यांचं बरं का, मंडळी.”

“सर, यातलं उजवीकडचं पिल्लू आता कुठंय?” मी विचारलं. आवाज मोठाच होता.

“म्हणजे?”

“तुमची कात्री चालली आणि कावळ्यानं नेलं. पाटीवर तेही लिहा. नैसर्गिक अधिवास!”

आयोजकांपैकी एकानं माझा दंड धरला. “भाऊ, कार्यक्रमात नको. बाहेर बोला.” सेल्फी घेणारी पोरं जरा सरकली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. सरांनी मला बाजूला घेतलं. आवाजात खरोखरची कळकळ होती आणि त्याचीच मला जास्त शिसारी आली.

“चिडू नका. तुमचाही फोटो मी आयोजकांकडं पाहिला. डोळे काय आलेत! फक्त ती तार तेवढी पुसून टाकायची होती हो. कुणाला कळलं असतं?”

मी शालीकडं बघितलं आणि निघून आलो. तार मी पुसलेली नाही. तो फोटो शेडमध्ये टेबलामागं लावला आहे.

यंदाच्या हिवाळ्यात मावशीचा फोन आला, “आली बघ तुझी घुबडं.” मादी त्याच कपारीत बसली आहे. बोराटी नव्यानं फुटली आहे, तिच्यात गंजलेली तार अजून आहे. मावशीनं आणि मी खाणीच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकून ती बंद केली. गेल्या आठवड्यात सरांनी फोन केला.

“काय शेठ, राग गेला का? घुबडं बसली का यंदा?”

“खाण बुजवली, सर. प्लॉटिंग झालं.”

“अरेरे,” ते म्हणाले. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. आमच्या भागात या गोष्टीवर दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही.