ज्वारीत पुरलेलं आसव

माझे सासरे बेंबळीत वैद्यकी करत. त्यांच्या आजोबांच्या हातची एक पोथी होती, आणि तिच्यातल्या अक्षरापुढे घरातल्या माणसांना फारशी किंमत नव्हती. द्राक्षासवाबद्दल पोथी सांगत होती की मनुकांच्या काढ्यात साखर, मध आणि आंबवण्यासाठी धायटीची फुलं घालावीत, बरणीचं तोंड लिंपावं आणि ती महिनाभर धान्यात पुरावी. धान्य म्हणजे माझी ज्वारीची कणगी.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच सुमारास मी त्या घरात आले. पहिल्याच चैत्रात, बाराव्या दिवशी, बरणीनं लिंपण उडवलं. रस ज्वारीत मुरला, मुंग्यांनी सहकुटुंब मुक्काम टाकला आणि आठ दिवस आम्ही झिंगलेल्या वासाच्या भाकरी खाल्ल्या. बरणीत उरलं त्यात मिरच्या मुरवाव्यात इतकं ते आंबट. दुसऱ्या चैत्रात तेच. मी ज्वारी पाखडून पाखडून रडकुंडीला आले, पण माझ्याकडे बघतो कोण?

सासरे स्वतःच चिडले होते. "मनुका सोलापूरच्या पेठेतल्या. पुण्याचा आमचा चुलतभाऊ त्याच मागवतो. फुलं तर रामलिंगाच्या रानातली, त्याच्यापेक्षा ताजी. पोथी एक, माप एक. त्याचं आसव मधासारखं उतरतं आणि माझा सिरका होतो."

तिसऱ्या चैत्रात बरणी नुकतीच पुरली होती आणि तो चुलतभाऊ वैशाखात आपली बरणी घेऊन येणार होता. सासरे म्हणाले, "यंदा आंबलं तर पोथी त्याच्या हवाली करतो. ज्याला जमतं त्यानं ठेवावी." त्या दिवशी ते जेवले नाहीत. माझा राग तिथं जरा निवला.

दुसऱ्या दिवशी मी विरजण लावत होते. थंडीत आमच्याकडे दही लागायला अख्खी रात्र जाते. चैत्रात सकाळी लावलं तर दुपारी आंबट. मग हा पोथीतला महिना कुठल्या गावच्या हवेतला? आणि इथल्या उन्हात बरणीला वर ज्वारीची गोधडी कशाला?

"मामंजी, यंदा बरणी गारव्याला ठेवून बघू या का?"

"पोथीत लिहिलंय का तसं?"

"नाही, पण…"

"मग झालं."

सासूबाई पदराआड हसल्या. मामंजी येडशीला रोगी बघायला गेल्याबरोबर म्हणाल्या, "चल, हात लाव." आम्ही दोघींनी बरणी कणगीतून काढली आणि स्वयंपाकघरातल्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत बसवली. ज्वारीची रास खचलेली दिसू नये म्हणून तिच्या जागी तांब्याची घागर पालथी घातली. रोज संध्याकाळी मी वाळूवर दोन तांबे पाणी ओतत होते.

आता मामंजींची रीत अशी की रोज सकाळी कणगीला कान लावायचा. आसव उकळतं तोवर आवाज येतो. आवाज थांबला की ते तयार.

"येतोय," ते समाधानानं म्हणायचे. "गंभीर आवाज आहे यंदा."

घागर मुकाट्यानं बसलेली असायची. इकडे रांजणापाशी खरी बरणी गुडगुडायची आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून मी भांडी आपटायचे. महिनाभर मला धसमुसळी म्हणवून घ्यावं लागलं. तिसाव्या दिवसाच्या सुमारास बरणी गप्प झाली. त्याच सकाळी मामंजींनाही कणगीतला आवाज थांबलेला आढळला. मी भांडी आपटणं थांबवलं.

वैशाखात पुण्याचे पाहुणे आपली बरणी घेऊन आले. मामंजी अंघोळीला गेले तेवढ्यात आम्ही घागर काढून बरणी घाईघाईनं परत कणगीत घातली.

ओसरीवर दोन्ही आसवं वाट्यांत ओतली. पुण्याचं फिकट, संथ, गोडसर. आमचं गडद, जिभेवर आधी गोड, मग तुरट आणि घशाखाली चांगलंच ऊन. आंबटपणाचा मागमूस नाही. पाहुण्यांनी वाटी दोनदा भरून घेतली. "दादा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. हे इथलंच आहे."

"ज्वारीच्या राशीची ऊब," मामंजी म्हणाले. पोथी त्यांनी मांडीवर ओढून घेतली होती. "पुण्याला तुम्ही धान्य कमी घालत असाल."

पाहुण्यांनी बरणी उचलून फिरवून पाहिली आणि बुडावरून बोट फिरवलं. "पण दादा, खाली ही एवढी वाळू कसली?"

मामंजींनीही बोट लावून बघितलं.

"ज्वारीतली," ते म्हणाले. "सूनबाई नव्या आहेत. निवडताना नजर चुकते."

मी तीन वर्षं त्या घरातली ज्वारी खडा न खडा वेचत होते. मी सासूबाईंकडे बघितलं.

"शिकेल हळूहळू," त्या म्हणाल्या.

दुपारी पाहुण्यांनी भाकरीचा पहिला घास तोंडात घातला आणि दात न लावता बराच वेळ नुसता घोळवत बसले.