देवराईच्या तोंडाशी

बाल्कनीतल्या कुंडीत पालापाचोळ्याचं खत घालताना ओलसर, गोडूस वास आला आणि माझा हात थांबला. ताम्हिणीजवळच्या देवराईत अगदी हाच वास होता.

निसर्गफेऱ्या काढणाऱ्या एका मंडळाबरोबर आम्ही गेलो होतो. उन्हाळ्यात काजवे, श्रावणात रानभाज्या असं त्यांचं वर्षभर चाले. बाबांना मी थंडीतल्या सोप्या फेरीला नेलं. अर्धांगवायूनंतर ते घरातही बूट घालून वावरत आणि वाकड्या झालेल्या पायाला कुणालाच हात लावू देत नसत.

देवराईच्या तोंडाशी आमच्या वाटाड्या, गावच्या हिराबाई, थांबल्या. “चपला-बूट हितंच काढा. देवीच्या रानात आमी अनवाणीच जातो.”

“तुम्ही या जाऊन. मी बसतो इथे,” बाबा म्हणाले.

“मग आमी बी बसतो की. देवी कुटं पळून चाललीय?” असं म्हणून त्या खुशाल दगडावर टेकल्या. मागोमाग सगळी मंडळी बसली.

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी बाबांनी पाय पुढे केला. मी वाकून लेस सोडू लागले, तेव्हा तोल सावरायला त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकवला. त्याआधी त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवतच नव्हतं.

बूट निघाले. पावलं गार, मऊ पाल्यावर टेकली. तरी हात तिथेच होता.

“बाबा, चला ना, लोक खोळंबलेत,” मी म्हणाले. त्यांनी हात काढून घेतला.

आज खत घालून झालं, तरी मी कुंडीपाशी त्या दिवशीसारखीच वाकून बसून राहिले.